रेडिओ उस्ताद

नवलसिंगच्या जिभेला हाड नाही, हे नंदुरबारच्या ट्रकवाल्यांत लहानथोरांना ठाऊक होतं. त्याला नवलसिंग कुणी म्हणतच नसे. सगळे म्हणायचे रेडिओ उस्ताद. आणि हा रेडिओ एकदा लागला की बंद करायचं बटण देवानं बसवलेलंच नव्हतं. नवा ड्रायव्हर स्टेअरिंगवर, हा शेजारच्या सीटवर मांडी घालून, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "दाब. काढ. टाक. आते सोड, हळू सोड, गाडी शे, बकरी नही. आरसा देख. तो म्हैसवाला रस्तामा येई ऱ्हायना, हॉर्न मार. मार ना बाप, हॉर्नना काय पैसा पडस का?"

लोक हसायचे, पण पोरं त्याच्याकडेच पाठवायचे. कारण नवलसिंगनं कधी कुणावर हात उचलला नाही. तो स्वतः शिकला होता इंद्रसिंग उस्तादाच्या हाताखाली, आणि इंद्रसिंग म्हणजे दगड होता दगड. तोंडातून शब्द काढायचा नाही. चुकलं की टाळक्यात पाना. का चुकलं ते ज्याचं त्यानं शोधावं. नवलसिंगच्या डोक्यावर अजून दोन ठिकाणी केस उगवत नाहीत. त्यानं तेव्हाच कानाला खडा लावला होता की आपण शिकवू तेव्हा तोंडानं शिकवू, पान्यानं नाही. आता यात वाईट काय होतं सांगा! माणूस चांगलंच करायला निघाला होता.

पूर्वी हे बोलणं खपून जायचं. पोरगं पाच-सहा वर्षं क्लीनर म्हणून शेजारी बसायचं, टायर बदलायचं, ताडपत्री ओढायचं, बघून बघून त्याच्या अंगात गाडी भिनायची, आणि मग कुठं त्याला स्टेअरिंग मिळायचं. आता क्लीनरच राहिला नाही. मालकाला एका माणसात गाडी हवी. लायसन हातात पडलं की महिन्याभरात पोरगं एकटं लाईनवर. मग ते काय करतं? डॅशबोर्डवर फोन चिकटवतं, स्पीकर चालू करतं आणि म्हणतं, "उस्ताद, बोला."

आणि उस्ताद बोलायचा. गुडघे गेले, साखर वाढली, गाडी सुटली, तरी घरच्या ओट्यावर बसून तो दोन-दोन, तीन-तीन गाड्या हाकायचा. एक चरणमाळला, एक सोनगडच्या पुढं. येणारेजाणारे थांबून बघायचे. त्याची बायको जमनाबाई कपाळावर हात मारून घ्यायची, पण मनातून तिलाही कौतुक होतं. त्याला तर गगन ठेंगणं झालं होतं.

मग भिकनचं झालं.

भिकन सारंगखेड्याचा. गुणी पोरगा, सांगितलेलं ऐकणारा, उलटून न बोलणारा. मागच्या वर्षी ऐन उन्हाळ्यात तो पिंपळनेरहून कांदा भरून सुरतेला निघाला होता. वाटेत दहिवेल सोडलं की कोंडाईबारीचा घाट लागतो, आणि तो उतरला की खाली विसरवाडी. नवलसिंग तेव्हा दारात दाढी करत बसला होता. फोन वाजला. "उस्ताद, घाट लागना. बोला." नवलसिंगनं वस्तरा बाजूला ठेवला, डोळे मिटले, घाट डोळ्यांपुढं आणला आणि बोलायला लागला. त्याच्या डोळ्यांपुढचा घाट मोकळा होता. भिकनच्या पुढच्या घाटात वळणावर एक बंद पडलेला टेम्पो उभा होता.

"आते तिसरा टाक," नवलसिंग म्हणाला.

भरली गाडी उतारावर असताना गिअरला हात लावायचा नसतो. ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे ट्रकवाल्यांचं बाळकडू. पण नवलसिंगच्या हिशोबानं ते सपाट वळण होतं, आणि भिकन ते वळण केव्हाच ओलांडून पुढं आला होता. भिकननं दुसरा काढला. तिसरा बसेना. दुसरा परत लागेना. गाडी मोकळी सुटली. "उस्ताद, बसत नही," एवढं त्यानं सांगितलं. रडला नाही, ओरडला नाही, सांगितलं, जसं रोज सांगायचा. मग नुसता हॉर्न. मग असा आवाज झाला की नवलसिंगच्या हातून फोन पडला. त्यानं तो उचलून परत कानाला लावला. फोन चालूच होता. माणसं धावत आल्याचं, कुणीतरी पाणी मागितल्याचं, सगळं त्याला ऐकू आलं. भिकनचा आवाज मात्र त्यात नव्हता.

पोलिसांनी 'ब्रेक फेल' असं लिहिलं. मालक तेच म्हणाला, भिकनचा बाप तेच म्हणाला. बाराव्याला नवलसिंग पंगतीत बसून आला आणि कुणी विचारलं नाही म्हणून बोलला नाही. रेडिओ उस्ताद पहिल्यांदा जिथं बोलायला हवं होतं तिथं गप्प बसला. खरं काय ते फक्त जमनाबाईला माहीत. पावसाळ्यात एकदा तो बसनं घाटातून गेला, तेव्हा त्या उतारावर, दरीच्या तोंडाशी, कांद्याची हिरवीगार पात उगवली होती. सांडलेल्या कांद्याला कोंब फुटले होते. गुराख्यांची गुरंही तिला तोंड लावत नव्हती. नवलसिंगनं खिडकीची काच ओढून घेतली.

त्यानंतर त्यानं शिकवणं सोडलं. पण जगात चिकट माणसं काय कमी आहेत! आशा त्यांतली. धडगावच्या वरच्या पाड्यातली पावरा बाई. तिचा नवरा वाहरू तिकडच्या डोंगरात जीप चालवायचा, आणि दिवाळी झाली की दोघं कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जायची. यंदा कोयता उचलायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. वाहरूचं मोठ्या गाडीचं लायसन झालं होतं. हेमकांत शेठ म्हणून एक ट्रकमालक होता, तो म्हणाला, "उस्तादानं हो म्हटलं तर गाडी देतो." झालं! आशा येऊन नवलसिंगच्या ओट्यावर बसली. नाही म्हटलं तरी उठेना. दुसऱ्या दिवशी परत हजर.

"मन्हाकडथीन शिकना तर मरी जाई तुन्हा नवरा," नवलसिंग एकदा तिरीमिरीत बोलून गेला.

"उसाच्या ट्रॉलीखाली माझा दीर गेला, उस्ताद," आशा म्हणाली. "मरायला तिकडं पण जागा आहे."

जमनाबाईनं आतून ऐकलं होतं. रात्री ती म्हणाली, "शिकाडा त्याले. पण मुकाट शिकाडा. घाट लागना की तोंडमा पानीनी गुळणी धरा. पानी तोंडमा ऱ्हायनं की माणूस बोलस कसा तेच देखू."

गंमत वाटेल, पण त्यानं तसंच केलं. वाहरू शिकायला लागला. तिशी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. हात चांगला होता त्याचा, डोंगरातला होता ना. सपाटीवर नवलसिंग थोडंफार बोलायचा, जित्याची खोड आहे ती. पण घाटाचं तोंड दिसलं की बाटली तोंडाला लावायचा आणि गाल फुगवून बसायचा. समोरून येणारे ड्रायव्हर हसायचे. विसरवाडीला उतरला की पचकन पाणी थुंकायचा आणि मग घाटात जे जे बोलायचं राहिलं ते सगळं एका दमात बोलून टाकायचा.

वाहरू सुरेख उतरायचा. एकदा नाही, दरवेळी. वळणाच्या आधीच ब्रेकवर हलका पाय, लगेच सोडणार, ब्रेकची हवा वाया घालवणार नाही. नवलसिंगला वाटलं, सुटलो बुवा. न बोलता शिकला. जमनाबाईच्या गुळणीनं काम केलं!

आणि एक दिवस घाटातल्या एका सरळ उतारावर नवलसिंगच्या पायात गोळा आला. त्यानं कळ सोसेना म्हणून उजवा पाय झटक्यानं समोरच्या पत्र्यावर दाबला. त्याच क्षणी वाहरूनं करकचून ब्रेक मारला. रस्ता मोकळा होता. वळणही नव्हतं. मागच्या गाडीवाल्यानं शिव्या घातल्या.

नवलसिंगच्या तोंडातलं पाणी घशाखाली उतरलं. त्यानं मुद्दाम पुढच्या वळणावर पाय हलवलाच नाही, आणि वाहरूनं ब्रेक उशिरा लावला. त्यानं पुढं पाय दाबला, वाहरूनं दाबला. हा माणूस रस्ता बघतच नव्हता! डोळ्याच्या कोपऱ्यातून उस्तादाचा पाय बघत होता. आयुष्यभर शेजारी बसून नवलसिंगचा पाय आपोआप पत्र्यावर ब्रेक दाबायचा, त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं, आणि या वाहरूनं ते बरोबर हेरलं होतं. तोंड बंद केलं तर पाय बोलायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मांडीवर चादर घेतली. वाहरू त्याच्या हाताकडं बघायला लागला. हात चादरीत घेतले तर तोंडाकडं. त्याला शेजारी वाहरू दिसेना, भिकन दिसायला लागला. तेच आज्ञाधारक तोंड, तेच उस्तादावर टाकलेलं ओझं.

तो तडक हेमकांत शेठकडं गेला. "अजून त्याले एकला सोडू नका."

"उस्ताद, परवा तर तुमीच सांगितलं, पोरगा तयार आहे म्हणून," शेठ म्हणाला. "मी गाडी लावून दिली. उद्या पिंपळनेरला कांदा भरतोय तो."

उचलली जीभ लावली टाळ्याला! परवाची स्वतःची जीभ त्याला चावून टाकावीशी वाटली. त्यानं वाहरूला गाठलं आणि नीट सांगितलं, "घाटमा माले फोन लावानू नही. कायबी व्हवो. समजनं का?"

"हां उस्ताद," वाहरू म्हणाला. तो सगळ्याला हां उस्तादच म्हणायचा.

सकाळी नवलसिंग विसरवाडीची बस धरायला निघाला तेव्हा जमनाबाई आडवी आली. "फोन घर ठेवा." तो म्हणाला, "गाडी बंद पडनी तर? टायर फुटना तर?" आणि फोन खिशात घालून निघाला. खरं कारण तिलाही कळत होतं, त्यालाही. बसमध्ये बघतो तर आशा. तिला घरी बसवलं नव्हतं.

विसरवाडीच्या फाट्यावर, घाटाकडून येणाऱ्या रस्त्याला लागून, एक चहाची टपरी आहे. दोघं तिथं बसली. ऊन चढत होतं. घाटाकडून गाड्या उतरत होत्या, टपरीपाशी येऊन फुस्स करून हवा सोडत होत्या. कुणाच्या चाकांतून जळक्या ब्रेक-लायनरचा वास यायचा आणि नवलसिंग मान वळवून घाटाकडं बघायचा. चहावाल्यानं आशाला विचारलं, "नवरा का?" ती म्हणाली, "हो, पहिली खेप त्याची एकट्याची." चहावाल्यानं एकदा नवलसिंगकडं बघितलं. मागच्या उन्हाळ्यात वर धावत गेलेल्या माणसांत तोही होता.

फोन वाजला.

नवलसिंगनं नाव बघितलं आणि फोन तसाच हातात धरून ठेवला. आशानं पुढं होऊन बटण दाबलं. स्पीकरवर इंजिनचा आवाज आला, मोठा, कर्कश, आणि त्यातून वाहरू. "उस्ताद, बोला."

नवलसिंगनं तोंड उघडलं. जिभेवर शब्द तयार होता.

"उस्ताद, गाडी लई ओरडते. हवेचा काटा खाली आला. कोणता गिअर? बोला ना!"

नवलसिंगनं डोळे मिटले. घाट पुढं आला, सगळाच्या सगळा, एक एक वळण. यातलं वाहरूपुढं कोणतं? इंजिन ओरडतंय म्हणजे गाडी खालच्या गिअरमध्ये धरलेली आहे, ठीक आहे. ओरडू दे तिला. का नाही ठीक? पुढं टेम्पो आहे का? म्हैस आहे का? रस्ता कुठं वळतोय? त्याच्या डोळ्यांपुढचा घाट मोकळा होता. तो नेहमीच मोकळा असायचा.

"बोला ना, उस्ताद!" आता आशा ओरडत होती. "तुमी काबर बोलत नाही?"

"वाहरू," नवलसिंग म्हणाला. "माले आठेथीन काय दिसत नही रे. तुले दिसस. तूच देख."

आणि त्यानं फोन कापला.

आशाचा विश्वासच बसेना. मग ती त्याच्या अंगावर धावली. फोन ओढायला लागली, छातीवर मुठी मारायला लागली, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या तिनं, अर्ध्या शिव्या तिच्या बोलीत, अर्ध्या मराठीत. तो मार खात उभा राहिला. फोन पुन्हा वाजला. त्यानं तो दोन्ही हातांत घट्ट धरला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. लोक जमले. कुणी म्हणालं, "अहो उचला की, माणूस आहात का कोण!"

पण खरं सांगू का? वाजत होता तोवर बरं होतं. वाजतोय म्हणजे वाहरू जिवंत आहे, एवढं तरी कळत होतं. मग फोन थांबला. आणि परत वाजला नाही.

आशा ओरडायची थांबली. ती रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली आणि घाटाकडं बघायला लागली. नवलसिंगला बसवेना, उभं राहवेना. वरून येणाऱ्या गाड्या एकाएकी बंद झाल्या. रस्ता रिकामा पडला. भर दुपारी हायवे असा रिकामा पडतो तो एकाच कारणानं, हे टपरीवर सगळ्यांना माहीत होतं. एक मोटारसायकलवाला तेवढा खाली आला. चहावाल्यानं त्याला थांबवून विचारलं. "वर जाम आहे," तो म्हणाला, "कांद्याची गाडी आहे कुठली तरी," आणि निघून गेला.

नवलसिंगनं कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. त्या वेळी त्यानं मागितलं. कुणाकडं ते त्यालाही सांगता आलं नसतं. मनात एकच, की चुकलो असेन तर मला उचल, त्याला नको. तो बोलला असता तर वाहरू वाचला असता का? आता ते कधीच कळणार नव्हतं. बोलून एक मारला, न बोलून दुसरा.

आधी हॉर्न ऐकू आले. खूप गाड्यांचे, चिडलेले. मग वळणावरून ट्रक दिसला. वाहरूचा. मुंगीच्या पावलांनी येत होता, पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बोंबलत होतं, आणि त्याच्यामागं घाटभर गाड्यांची शेपूट. वाहरू मध्ये कुठंतरी सपाटीला गाडी थांबवून ब्रेकमध्ये हवा भरेपर्यंत उभा राहिला होता. मागच्यांनी आईबहिणी काढल्या, तरी हलला नव्हता. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

गाडी टपरीपाशी लागली. मागच्या गाड्या शिव्या देत पुढं निघाल्या. वाहरू दाराला धरून खाली उतरला. आशा त्याला बिलगली. त्यानं तिला बाजूला केलं आणि सरळ नवलसिंगपुढं येऊन उभा राहिला.

"मी मेलो असतो."

"हा," नवलसिंग म्हणाला.

"तरी कापला?"

नवलसिंगनं मान खाली घातली. मग, टपरीवरच्या सगळ्यांच्या देखत, त्यानं भिकनचं सांगितलं. ब्रेक फेल नव्हते. फोनवर मी होतो. मीच म्हटलं तिसरा टाक. त्याच्या बापाला मी सांगितलं नाही. एवढं बोलायला त्याला कधी इतका वेळ लागला नव्हता. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

वाहरू केबिनमध्ये चढला, डॅशबोर्डवरचा फोन ओढून काढला आणि खाली येऊन नवलसिंगच्या हातात दिला.

"तुमचा नंबर काढा ह्यातून."

"तूच काढ ना."

"नाही. तुमी काढा."

नवलसिंगनं खिशातून चष्मा काढून लावला. 'उस्ताद' असं नाव होतं, आणि त्यापुढं लागून न उचललेल्या फोनांची रांग. आधी चुकीचं बटण दाबलं गेलं. मग बरोबर दाबलं. फोननं विचारलं, नक्की काढायचं का? त्यानं हो केलं आणि फोन परत दिला.

वाहरूनं तो न बघताच आशाकडं दिला, तिला केबिनमध्ये चढवलं आणि स्वतः चढला. पहिला टाकला, आरसा बघितला, आणि गाडी सुरतेच्या रस्त्याला लावली. नवलसिंग नंदुरबारच्या बसची वाट बघत तिथंच बसला. चहावाल्यानं विचारलं, "चहा देऊ का, उस्ताद?" त्यानं नुसती मान डोलावली.